हातावर डोळ्यांचा पहारा

एक आई बाळाला अंगावर पाजत बसली होती आणि तशातच तिला झटका आला. अर्धांगवायूचाच, पण नेहमीसारखा नव्हे. शरीराच्या एका बाजूची ताकद गेली. दुसऱ्या बाजूची ताकद राहिली, पण जाणीव गेली. म्हणजे एक हात लुळा आणि दुसरा धडधाकट, पण बधिर. त्या बधिर हाताने ती बाळाला छातीशी धरू शके. अट एकच होती, तिची नजर बाळावर हवी. आजूबाजूच्या एखाद्या गोष्टीकडे तिचे लक्ष गेले की हाताचे स्नायू हळूहळू सैल पडू लागत आणि बाळ निसटायच्या बेताला येई. हात सैल पडतो आहे हे तिला आतून कळत नसे. पुन्हा बाळाकडे पाहावे तेव्हाच कळे.

सर चार्ल्स बेल यांनी ही हकिकत १८३३ साली आपल्या पुस्तकात छापली. बेल मूळचे एडिंबराचे, पेशाने शल्यचिकित्सक आणि हाताने उत्तम चित्रकार. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईतले जखमी ब्रुसेल्समध्ये खचाखच भरले, तेव्हा ते लंडनहून तिकडे धावले. शस्त्रक्रिया करता करता कपडे रक्ताने कडक झाले आणि सुरी चालवून हातांत बळ उरले नाही, असे त्यांनी तिथल्या दिवसांबद्दल लिहिले. पुढे ब्रिजवॉटरच्या अर्लने मृत्युपत्रात ८,००० पौंड ठेवले. सृष्टीतून ईश्वराचे सामर्थ्य दाखवणारे ग्रंथ त्यातून लिहून घ्यायचे होते. आठ लेखक निवडले गेले. कुणी खगोल घेतला, कुणी भूगर्भ. बेल यांनी माणसाचा हात घेतला. ईश्वराची कारागिरी दाखवायला निघालेल्या त्या ग्रंथात ही आई जेमतेम काही ओळींत येते. मला मात्र सगळ्या पुस्तकात तीच जास्त बोलते.

कारण तिच्यामुळे एक प्रश्न उघडा पडला. हाताने एखादी वस्तू किती जोराने धरायची, हे हाताला सांगतो कोण?

बेल यांच्याकडे याचे अर्धे उत्तर होते. १८२६ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात त्यांनी मेंदू आणि स्नायू यांच्यामधल्या मज्जातंतूंच्या वर्तुळाची कल्पना मांडली होती. एक तंतू मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेतो आणि दुसरा स्नायूची हालहवाल मेंदूपर्यंत परत आणतो. हुकूम गेला पण हालहवाल आलीच नाही, तर मेंदू अंधारात. त्या आईच्या बाबतीत वर्तुळाचा परतीचा अर्धा भाग तुटला होता आणि ती जागा डोळ्यांनी भरून काढली होती. बाहेरच्या वाटेने, लांबून वळसा घालून.

एरवी हे वर्तुळ इतके मुकाट चालते की त्याची आठवणही होत नाही. स्टीलचा पेला अंगठा आणि दोन बोटांत धरून नळाखाली न्या. पाणी चढत जाते तशी बोटे आपोआप घट्ट होत जातात. तुम्ही खिडकीबाहेर पाहत असलात तरी होतात. पेल्याला भांड्यांचा साबण लागलेला असेल तर पहिल्या क्षणापासून जास्त घट्ट होतात. अंडे, पापड, बाळाची करंगळी, लोखंडी सांडशी या प्रत्येकासाठी हाताकडे वेगळा जोर असतो आणि तो ठरवताना आपल्याला कुणी विचारत नाही.

बेल यांच्यानंतर साठ वर्षांनी, १८९५ मध्ये, फ्रेडरिक मॉट आणि चार्ल्स शेरिंग्टन यांनी माकडांच्या पाठीच्या कण्याशी असलेली संवेदी मुळे कापून पाहिली. हात हलवणाऱ्या तंतूंना त्यांनी धक्का लावला नव्हता. तरी माकडाने तो हात वापरणे सोडून दिले. चढायला नाही, खाणे उचलायला नाही. हात शाबूत होता, पण माकडाच्या लेखी तो नव्हताच. (१९६०च्या दशकात दुसऱ्या संशोधकांना दिसले की चांगला हात बांधून ठेवला, तर माकड झख मारत बधिर हात वापरायला लागते. पक्षाघाताच्या रुग्णांसाठीची एक उपचारपद्धत पुढे त्यातून उभी राहिली.) चारच वर्षांनी, १८९९ मध्ये, अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्थ यांनी लोकांच्या हातात पेन्सिल दिली, मेट्रोनोमच्या ठोक्यावर रेघा मारायला लावल्या, कधी डोळे उघडे ठेवून, कधी मिटून. सावकाश रेघांमध्ये डोळ्यांचा फायदा स्पष्ट दिसला. ठोके वाढवत मिनिटाला १४०च्या आसपास नेले, तेव्हा उघडे आणि मिटलेले डोळे सारखेच झाले. डोळे पाहत होते, पण त्यांचा निरोप पोहोचेपर्यंत रेघ मारून झालेली असे.

डोळा हाताचा पहारेकरी होऊ शकतो, पण त्याला पोहोचायला उशीर होतो, एवढे विसावे शतक लागता लागता कागदावर आले होते. या उशिराची किंमत काय असते ते दिसले प्रयोगशाळेपासून फार लांब, तमिळनाडूत.

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ चा, दक्षिणेतल्या कोल्ली डोंगरांवरचा. आईवडील मिशनरी. शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या या मुलाने डॉक्टर होण्याआधी सुतारकाम आणि बांधकाम शिकून घेतले. वैद्यकीत आल्यावरही त्यांचा हात सुताराचाच राहिला. हत्यार कसे धरले जाते, मुठीवर कुठे दाब येतो, याकडे त्यांची नजर आधी जाई. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. पुढच्या वर्षी चिंगलपेटच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. सोबत तिथले डॉ. रॉबर्ट कॉक्रेन होते, त्वचारोगांचे जाणकार. आवारात एक रुग्ण चप्पल काढायची खटपट करत होता. त्याची बोटे पंजासारखी आत वळली होती. अंगठा आणि तळहात यांच्यामध्ये चपलेचा पट्टा धरायचा प्रयत्न तो करी आणि पट्टा पुन्हा पुन्हा निसटे. ब्रँड यांनी आपला हात त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, जितक्या जोरात दाबता येईल तितका दाब. त्या हातात फार जोर नसेल, असे त्यांना वाटले होते. पण नखे मांसात रुतली, कळ मस्तकात गेली. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हते. आपण किती जोरात दाबतो आहोत याचा त्याला पत्ताच नव्हता.

त्या एका पकडीत दोन गोष्टी होत्या. पहिली ब्रँड यांना तिथल्या तिथे कळली. पंजासारख्या वळलेल्या या हातात ताकद शिल्लक आहे, सगळे स्नायू मेलेले नाहीत. कुष्ठरोगाचे जंतू थंड जागा शोधतात. मज्जातंतू जिथे कातडीच्या जवळून जातो, कोपराशी, मनगटाशी, तिथे ते घर करतात. त्यामुळे तळहातातले बारीक स्नायू जातात, पण कोपराखालचे, मूठ आवळणारे दणकट स्नायू वाचतात. मग वाचलेल्या स्नायूची कंडरा वळवून गेलेल्या स्नायूच्या कामाला का लावू नये? वेल्लोरला त्यांनी ते करून दाखवले. वळलेली बोटे सरळ झाली, माणसे पेन्सिल धरू लागली, भाताचा घास उचलू लागली. काही जण मात्र परत येऊन कुरकुरले, कारण सरळ झालेल्या हातावर भीक पडेना.

दुसरी गोष्ट कळायला वेळ लागला. बऱ्या झालेल्या, कामाला लागलेल्या हातांवर नव्या जखमा दिसू लागल्या. आधी जे हात काही धरूच शकत नव्हते, ते आता हातोडी, रंधा, करवत धरत होते आणि फुटत होते. कुष्ठरोगात बोटे झडतात, अशी जगभर समजूत होती. आपल्याकडेही होती आणि अजून पुरती गेलेली नाही. रोगच मांस खातो असे डॉक्टरही मानत. ब्रँड यांचा त्यावरचा विश्वास उडाला तो एका कुलपापाशी. कोठीच्या दाराचे कुलूप गंजले होते. ब्रँड किल्ली फिरवून थकले. एक लहान मुलगा, त्यांचाच रुग्ण, पुढे झाला, किल्ली हातात घेतली आणि झटक्यात फिरवली. मुलाच्या अंगात एवढी ताकद कुठून आली, असे डॉक्टरांना वाटते न वाटते तोच जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. किल्लीच्या कडेने त्याचे बोट हाडापर्यंत कापले गेले होते. मुलाच्या गावीही नव्हते.

ताकद त्या मुलाकडे जास्त नव्हतीच. आपल्या सगळ्यांच्या हातांत असते तेवढीच होती. फरक एवढाच, की आपल्याला किल्ली बोचू लागते आणि आपण थांबतो. बोचणे हाच आपल्या पकडीचा लगाम. तो लगाम त्याच्याकडे नव्हता.

त्यानंतर ब्रँड जखमांमागे गुप्तहेरासारखे लागले. प्रत्येक फोड, प्रत्येक चीर कुठून आली याचा माग काढायचा आणि कारण सापडल्याशिवाय सोडायचे नाही. चुलीवरचे भांडे फडक्याशिवाय उतरवले. कंदिलाची काच धरली. हातोडीच्या दांड्याला कुसळ होते. आणि काही जखमा अशा, की संध्याकाळी बोट शाबूत आणि सकाळी त्याचा तुकडा गायब. हे मात्र कोडे होते. शेवटी रात्री पहारा ठेवला, तेव्हा उलगडा झाला. उंदीर. झोपलेल्या माणसाचे बोट उंदीर कुरतडत होते आणि माणूस गाढ झोपेत. त्यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरे दिली. हातावर डोळ्यांचा पहारा ठेवा, असे दिवसा सांगता येते. रात्री डोळे मिटणारच. मग तो पहारा मांजरांकडे.

ब्रँड यांचे बारीक निरीक्षण मला इथे फार मोलाचे वाटते. धडधाकट सुतार तासभर रंधा मारतो, तेव्हा त्याची मूठ एका जागी राहत नाही. किंचित दुखले की बोटे सरकतात, भार या पेरावरून त्या पेरावर जातो. त्याला स्वतःला ते माहीतही नसते. बधिर हात तसे करत नाही. तो एकदा धरतो ते त्याच जागी, गरजेपेक्षा जास्त जोराने, शेवटपर्यंत. त्याच चार बोटे कातडीवर तोच दाब हजार वेळा पडतो आणि ती आतून सुजून फुटते. म्हणून दांडे जाड करा, गुळगुळीत करा, फडके गुंडाळा, काम बदलत राहा. आणि बघा. धरण्याआधी बघा, धरल्यावर बघा, सोडल्यावर बघा.

पण ज्याला डोळेच नाहीत? ही नुसती कल्पना नव्हती. कुष्ठरोग चेहऱ्याच्या मज्जातंतूवरही बसतो, मग पापणी मिटत नाही. बुबुळाची जाणीवही जाते, त्यामुळे कण गेला तरी खुपत नाही. उघडा डोळा कोरडा पडतो, फूल पडते, दृष्टी जाते. ज्या रुग्णाचे हात बधिर, त्याचेच डोळे धोक्यात. हाताचा एकमेव राखणदार, आणि तोच आजारी. पॉल ब्रँड हातांवर काम करत होते, तर त्यांच्या पत्नी डॉ. मार्गारेट ब्रँड या डोळ्यांवर. चावण्याच्या स्नायूची एक पट्टी वळवून पापणीला जोडायची अशी शस्त्रक्रिया त्या करत. मग रुग्णाने काहीतरी चावले की पापणी मिटे. नवरा हाताला परत कामाला लावतो आहे आणि बायको त्या हातावर नजर ठेवणारा डोळा वाचवते आहे. एका घरातल्या दोन माणसांनी या प्रश्नाची दोन टोके अशी धरली होती, हे वाचताना मी दरवेळी थांबतो.

१९६६ मध्ये हे जोडपे अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे पैसा होता, इंजिनिअर होते. ब्रँड यांच्या मनात आले, गेलेली वेदना यंत्राने परत आणली तर? हातमोज्याच्या बोटांत दाब मोजणारे सेन्सर बसवले. दाब मर्यादेबाहेर गेला की कानातल्या यंत्रात आवाज होई. यंत्राने आपले काम केले. माणसांनी मात्र त्याला जुमानले नाही. स्क्रू घट्ट करायचा आहे आणि कानात सूचना वाजते आहे, तर स्क्रू आधी, सूचना मागाहून. मग जिथे जाणीव शिल्लक होती त्या काखेत विजेचा झटका द्यायची सोय केली. झटका टाळायचा म्हणून लोक यंत्रच बंद करून काम उरकत. अखेर ब्रँड यांनी नाद सोडला. त्यांच्या लेखी कारण साधे होते. खरी वेदना बंद करायचे बटण माणसाच्या हाती नसते.

त्याच काळातली दुसरी एक युक्ती मात्र टिकली. ती डोळ्यांवर विसंबलेली होती. पायमोज्यात रंगाच्या अतिसूक्ष्म कुप्या भरल्या. चालताना जिथे दाब जास्त तिथे कुप्या फुटत आणि डाग उमटे. रुग्ण चालून आला, मोजा काढला, की पायाचा कोणता भाग मार खातो आहे ते रंगाने लिहिलेले दिसे. पायाला कळत नव्हते ते डोळ्यांना दाखवले. तेही सवडीने, चालणे संपल्यावर, घाई नसताना. डोळ्याची गती ओळखून त्याला झेपेल असे काम दिले होते.

डोळ्याच्या या मंदपणाला आकडा मिळाला तो पुढे. आधी बोटांचा वेग. स्वीडनमधल्या उप्साला इथे हागबार्थ आणि वॉल्बो यांनी १९६०च्या दशकात जाग्या माणसाच्या हातातल्या एकेका मज्जातंतूत केसासारखी सुई घालून त्याचे बोलणे ऐकायची रीत काढली. तिच्याच जोरावर उमेआ विद्यापीठात तळहाताच्या कातडीचा नकाशा तयार झाला. एका तळहातात स्पर्शाचे सुमारे १७,००० तंतू, आणि त्यांची सगळ्यांत दाट वस्ती बोटांच्या टोकांना. मग १९८४ मध्ये रोलँड योहान्सन आणि योरान वेस्टलिंग यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. साधासा, पण त्याच्यावर आजही या विषयाची इमारत उभी आहे.

एक लहान वस्तू. दोन्ही बाजूंना सपाट चकत्या, आत जोर मोजणारे सेन्सर. ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून टेबलावरून उचलायची आणि थोडा वेळ धरून ठेवायची. चकत्यांवर कधी रेशीम, कधी मऊ स्वेड चामडे, कधी पॉलिश पेपर. वजनही गुपचूप बदलायचे. दिसले असे, की उचलण्याचा जोर वाढतो तसा धरण्याचा जोरही त्याच्या सोबत, पावलाला पाऊल लावून वाढतो. आणि तो निसटण्याच्या मर्यादेच्या जेमतेम वर राहतो. रेशीम असेल तर जास्त, पॉलिश पेपर असेल तर कमी, पण दोन्हीकडे शिल्लक थोडीच. बोटांचा हा हिशेब कंजूष वाण्याचा आहे. पृष्ठभाग बदलला की स्पर्श झाल्यापासून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात जोर बदलतो. धरलेली वस्तू कणभर सरकली, तर बोटे सुमारे ७० मिलिसेकंदांत आवळतात. तेवढ्यात पापणीची एक उघडझापही पुरी होत नाही.

मग बोटांना भूल दिली आणि हिशेब कोलमडला. वस्तू निसटू लागली, आणि लोक गरजेहून कितीतरी जास्त जोराने धरू लागले. चिंगलपेटच्या त्या माणसासारखे. १९९७ मध्ये योहान्सन यांच्याच गटाने आणखी एक पाऊल टाकले. या खेपेला वस्तूच्या बाजू उतरत्या होत्या, कधी वर निमुळत्या, कधी खाली. भूल दिलेली बोटे आणि उघडे डोळे असताना लोक उतार पाहून जोर जुळवत. डोळे बांधले तेव्हा जाग्या बोटांनी तेच काम केले. दोन्ही बंद केल्यावर काहीच जुळेना. आकार डोळ्याला दिसतो, वजनाचा अंदाज डोळ्याला येतो, पण हात ओला आहे की कोरडा, काच तेलकट आहे की नाही, यात त्याची गत आंधळ्यासारखी. ती बोटांचीच खासगी बातमी.

या प्रयोगांच्या आधी, १९८२ मध्ये, लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या डॉक्टरांनी एका माणसाबद्दल लिहिले. मज्जातंतूंच्या आजाराने त्याच्या हातापायांची जाणीव गेली होती, ताकद जवळपास तशीच होती. डोळे मिटून तो अंगठा प्रत्येक बोटाला लावून दाखवी, हवेत आकृत्या काढी. रात्री जुनी मोटार गिअर टाकत चालवी. नवी घेतली, तिची सवय मात्र लागेना, म्हणून त्याने पुन्हा जुनीच चालवायला घेतली. शिकलेले हाताला आठवत होते, नवे शिकता येत नव्हते. आणि एवढे सगळे जमणाऱ्या या माणसाला शर्टाचे बटण लावता येत नव्हते, लेखणी धरून लिहिता येत नव्हते, एका हाताने कप धरता येत नव्हता. त्याला स्नायूंचा जोर एका पातळीवर धरायला सांगितला, तर समोर पडद्यावर तो दिसत असेपर्यंत तो धरे. पडदा बंद केला की एकदोन सेकंदांत जोर भरकटू लागे.

बेल यांच्या पुस्तकातली ती आई आठवते ना? दीडशे वर्षांनी तेच, फक्त बाळाच्या जागी पडद्यावरची रेघ.

इयन वॉटरमन यांची गोष्ट याहून प्रसिद्ध आहे. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर खाटकाचे काम करणारा १९ वर्षांचा तरुण. १९७१ मध्ये तापानंतर मानेखालची स्पर्शाची आणि अंगस्थितीची जाणीव गेली. हालचालीचे तंतू वाचले होते. डॉक्टरांना वाटले, हा आता खुर्चीतून उठत नाही. वॉटरमन यांनी एकेक हालचाल डोळ्यांनी पाहून, मनात बांधून पुन्हा शिकून घेतली. उठणे, चालणे, पेला धरणे. खोलीतला दिवा गेला की मात्र ते कोसळत. जोनाथन कोल या डॉक्टरांनी १९९१ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावात या जगण्याला रोजची मॅरेथॉन म्हटले आहे. डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायचा म्हणजे काय, ते त्या माणसाला विचारावे.

तुमच्याआमच्यासारख्यांचे काय? तेही मोजून झाले आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात कार्ल न्यूवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना बोटाने सेन्सर दाबायला लावला. पडद्यावर एक स्थिर रेघ, ती म्हणजे लक्ष्य, आणि दुसरी बोटाच्या जोराची, हलणारी. दुसरी पहिलीवर बसवायची. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ही दुसरी रेघ सेकंदाला किती वेळा ताजी करायची ते बदलत नेले. पाच सेकंदांतून एकदा इथपासून सेकंदाला २५ वेळांपर्यंत. जसजसे जास्त दिसेल तसतसा हात सुधारत गेला, पण सेकंदाला सहाएक वेळांपर्यंतच. त्यापुढे कितीही दाखवा, फरक नाही. म्हणजे डोळ्याकडून आलेली बातमी हाताच्या कामी लावायला साधारण १५० मिलिसेकंद लागतात. बोटाच्या ७० च्या दुपटीहून जास्त. आणि पडदा पुसून टाकला, की निरोगी माणसाचा जोरही सेकंद-दीड सेकंदानंतर हळूहळू ओसरू लागतो. त्याला वाटते आपण तसेच धरून आहोत. पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये ही घसरण आणखी लवकर सुरू होते.

हेच गणित पुढे यंत्रांना भेडसावत राहिले. विजेवर चालणारा कृत्रिम हात पेला धरतो, पण किती जोराने ते वापरणाऱ्याला नजरेने आणि मोटारीच्या आवाजावरून ओळखावे लागते. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संशोधकांनी हात गमावलेल्या माणसाच्या उरलेल्या हातातल्या मज्जातंतूंना इलेक्ट्रोड जोडले आणि कृत्रिम बोटांवरचा दाब तिथे पोहोचवला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातले चेरीचे दृश्य मला विसरता येत नाही. एका हाताने चेरी धरायची, दुसऱ्याने देठ तोडायचा. डोळे बांधून, जोडणी बंद ठेवून केले तर चेऱ्या चिरडत. जोडणी सुरू केली की देठ तुटे आणि चेरी अख्खी राही. यंत्रमानवाच्या हातांनी पोटातली शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांचीही स्थिती बरीच वर्षे अशीच होती. ‘दा विंची’ यंत्राला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली, पण टाका ओढताना ताण किती आला ते बोटांना कळत नसे. ऊती ताणली जाऊन पांढरी पडते आहे का, ते पाहून सर्जन हात आवरता घेत. जोर बोटांपर्यंत पोहोचवणारी नवी आवृत्ती आली ती २०२४ मध्ये.

आपल्याकडे ही गोष्ट प्रयोगशाळेतून नाही आली. ती कुष्ठरुग्णांच्या वसाहतींतून आली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीला तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला आनंदवनात बाबा आमटे. माणसांनी हाकलून दिलेल्या माणसांनी इथे शेती केली, विहिरी खणल्या, माग चालवले. खडकाळ जमिनीत कुदळ आणि पहार चालवणारे ते हात पुष्कळदा बधिर होते. पुण्याजवळ कोंढव्याला आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी असे हात शस्त्रक्रियेने सरळ केले. पण सरळ झालेला हात फिरून कुदळीवरच जायचा होता. त्यामुळे शस्त्रक्रियेइतकेच दुसरे एक काम वाट्याला आले, आणि ते डॉक्टरांचे नव्हते, ज्याचे त्याचे होते.

ते आजही असे चालते. दिवसाचे काम आटोपले की बादलीत साधे पाणी घ्यायचे आणि हातपाय वीसेक मिनिटे बुडवून बसायचे. कातडी मऊ झाली की घट्टे दगडाने हलके घासायचे. पुसायचे, पण पुरते कोरडे करायचे नाही, आणि ओलसर कातडीवरच तेल चोळायचे, म्हणजे पाणी आत राहते. मग हात उजेडाकडे धरायचा आणि पाहायचे. आधी तळहात, मग बोटांच्या बेचक्या, मग एकेक पेर. लाल झाले आहे का, फोड आहे का, कुठे चीर पडली आहे का. सापडले, तर दिवसभरात हाताने काय काय धरले ते आठवायचे. विळ्याची मूठ होती का, बादलीची कडी होती का, की चहाचा पेला होता. चहाचाच असेल तर उद्यापासून कानाचा कप घ्यायचा, नाहीतर पेल्याभोवती फडके गुंडाळायचे. ज्याला दिसत नाही, त्याचा हात शेजारचा हातात घेतो आणि त्याच्या वतीने पाहतो.